कॉन्स्तान्तिन इवानोव आणि 'नार्स्पी': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्होल्गाकाठच्या चेबोक्सारी शहरात चुवाश भाषेचं सरकारी नाट्यगृह आहे. त्याला ज्याचं नाव दिलंय, त्या माणसाने एकच शोकांतिका लिहायला घेतली आणि तीही अर्धवट राहिली. मग नाट्यगृहाला त्याचंच नाव का, हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो की म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

इवानोव म्हणजे नेमका कोण?

कॉन्स्तान्तिन वासिल्येविच इवानोव. चुवाश उच्चारात केश्तेन्तीन. जन्म २७ मे १८९० (जुन्या रशियन पंचांगाने १५ मे), स्लाकबाश गावी. तेव्हाचा उफा प्रांत, बेलेबेय तालुका, आजचं बाश्कोर्तोस्तान. मृत्यू २६ मार्च १९१५, त्याच गावात. पंचविशी दोन महिन्यांवर आली होती. एवढ्या आयुष्यात 'नार्स्पी' हे दीर्घकाव्य, काही कथाकाव्यं, एक अपुरी शोकांतिका आणि भाषांतरांचा ढीग.

चुवाश हे रशियन की तुर्की?

देश रशिया, भाषा तुर्की कुळातली. पण कुळातही ती एकटीच. बाकी सगळ्या तुर्की भाषा एका शाखेवर आणि चुवाश दुसऱ्या, बुल्गार म्हणतात त्या शाखेवर. त्या शाखेची आज जिवंत असलेली ही एकमेव भाषा. फरक कानाला लगेच कळतो. तुर्कस्तानात मुलीला 'क्झ' म्हणतात, चुवाशीत 'ख़ेर'. तिकडे नऊ म्हणजे 'दोकुझ', इकडे 'तख़र'. तिकडे दगड 'ताश', इकडे 'चुल'. तिकडच्या 'झ'च्या जागी 'र' आणि 'श'च्या जागी 'ल', असा हा ठरलेला हिशेब आहे.

धर्माने बहुतेक चुवाश ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. तुर्की भाषा आणि ख्रिस्ती धर्म ही जोडी दुर्मीळच. शिवाय ख्रिस्ती होण्याआधीच्या जुन्या रीती गावांतून बऱ्याच टिकून राहिल्या. त्या माहीत नसतील तर 'नार्स्पी' निम्मीच कळते. २०२१च्या जनगणनेत रशियात साडेदहा लाखांहून थोडे अधिक लोकांनी आपण चुवाश असल्याची नोंद केली. २०१०मध्ये हा आकडा चौदा लाखांच्या वर होता. दोन आकड्यांमधली दरी बघितली की पुढचा बराच विषय आपोआप समजतो.

पण तो तर कवी. त्याला नाटककार का म्हणायचं?

हट्टाने म्हणू नये. कवी म्हणूनच तो मोठा आहे. पण 'शुयत्तान चुरी', म्हणजे 'सैतानाचा गुलाम', ही त्याची पद्य शोकांतिका चुवाश भाषेतल्या अगदी पहिल्या नाट्यलेखनात मोजली जाते. आणि माझं प्रामाणिक मत असं की त्याचं खरं नाटक 'नार्स्पी'च आहे, फक्त ते कवितेच्या वेषात आहे. सलग संवाद, प्रवेशासारखी पाडलेली प्रकरणं, एका रात्रीत उलटणारं नशीब. रंगभूमीवाल्यांनी ती उगाच उचलली नाही.

घरची परिस्थिती कशी होती?

बरी होती. गरिबीतून वर आलेल्या कवीची गोष्ट इथे शोधू नका. घराणं पर्त्ता नावाने ओळखलं जाणारं, शेतीवाडी असलेलं. वडील लिहिता-वाचता येणारे. आजीकडून गोष्टी आणि गाणी ऐकत हा मुलगा वाढला. 'नार्स्पी'तला श्रीमंत बाप, लग्नाची देवघेव, मोठ्या घरातला तोरा हे सगळं तो बाहेरून बघून लिहीत नव्हता, आतल्या माहितीने लिहीत होता. याच स्लाकबाशने पुढे याकोव उख़्साय (१९११-१९८६) हा आणखी एक मोठा चुवाश कवी दिला. एका खेड्याने दोन कवी द्यावेत हे जरा जास्तच झालं!

इवानोव शिकला ती सिम्बिर्स्क शहरातली शाळा एवढी महत्त्वाची का?

कारण त्या शाळेशिवाय हा विषयच उरत नाही.

इवान याकोव्लेव (१८४८-१९३०) हा अनाथ चुवाश मुलगा सिम्बिर्स्कच्या जिम्नॅशियममध्ये, म्हणजे तिथल्या हायस्कुलात, शिकत होता. विद्यार्थी असतानाच, १८६८ साली, त्याने आपल्या जातभाईंच्या पोरांना घेऊन शिकवायला सुरुवात केली. त्याचीच पुढे शाळा झाली, मग शिक्षक घडवणारी मोठी संस्था. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला याकोव्लेवने रशियन अक्षरांच्या आधारे चुवाश लिपी बसवली आणि पहिली अंकलिपी काढली. आजही चुवाश भाषा त्याच लिपीच्या सुधारलेल्या रूपात लिहितात.

आता यातली गंमत. झारच्या राज्यात मातृभाषेतल्या शाळांना परवानगी मिळाली ती काही भाषाप्रेमापोटी नाही. कझानच्या निकोलाय इल्मिन्स्कीने मांडलेला विचार असा होता की बिगर-रशियन लोकांना ख्रिस्ती धर्म पक्का पटवायचा तर तो त्यांच्याच भाषेत सांगावा. म्हणजे लिपी, अंकलिपी, छापखान्यातले खिळे हे सगळं प्रार्थनेच्या पुस्तकांसाठी जमवलं गेलं. आणि त्याच खिळ्यांनी १९०८ साली नवऱ्याला विष घालणाऱ्या बाईचं काव्य छापलं.

इवानोवला शाळेतून काढून टाकलं होतं, हे खरं का?

खरं. १९०३मध्ये तो त्या शाळेत दाखल झाला. १९०५च्या क्रांतीचं वारं शाळेपर्यंत आलं, मुलांनी दंगा केला आणि १९०७मध्ये ज्यांना काढलं त्यांत इवानोवही होता. मात्र याकोव्लेवला हा मुलगा काय आहे ते ठाऊक होतं. त्याच वर्षी त्याने इवानोवला परत सिम्बिर्स्कला बोलावून घेतलं, विद्यार्थी म्हणून नाही तर भाषांतरं आणि पाठ्यपुस्तकांच्या कामासाठी. एका हाताने नाव कापायचं आणि दुसऱ्या हाताने काम द्यायचं, हे जुन्या हेडमास्तरांनाच जमे. १९०९मध्ये इवानोवने बाहेरून परीक्षा देऊन शिक्षकाची पात्रता मिळवली.

'नार्स्पी'ची गोष्ट काय आहे?

सिल्पी नावाचं सुखवस्तू चुवाश गाव. तिथल्या श्रीमंत मिख़ेतेरची मुलगी नार्स्पी. (नावाच्या शेवटचा 'पी' हा चुवाश बायकांच्या जुन्या नावांत नेहमी येतो, सार्पी, पिनेर्पी अशी नावं आहेत.) तिचं प्रेम सेत्नेरवर. तो विधवा आईचा गरीब, धट्टाकट्टा मुलगा. बापाने मात्र तिला हुझाल्का गावच्या तख़्तामानला देऊ केलंय. तख़्तामान पैसेवाला आणि वयाने बराच मोठा.

लग्न सिमेकच्या सुमाराला. सिमेक हा उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा सण. वनस्पती घातलेल्या गरम पाण्याने न्हायचं, पितरांची आठवण करायची, कबरींवर जायचं आणि त्याच दिवसांत तरुण पोरांनी नाचायचं-गायचं. मेलेले आणि नवे संसार एकाच आठवड्यात. इवानोवने लग्न नेमकं इथे ठेवलं, यात त्याची नाटककाराची नजर दिसते.

नार्स्पी आणि सेत्नेर पळून जातात, पकडले जातात, मार खातात. लग्न होतं. हुझाल्कात नवरा मारझोड करतो. शेवटी नार्स्पी त्याच्या जेवणात विष घालते आणि रानात निघून जाते. सेत्नेर आणि ती पुन्हा भेटतात, एकत्र राहतात. थोडं बरं होईल असं वाटत असतानाच एका रात्री तिच्या बापाच्या घरावर दरोडा पडतो. दरोडेखोर आईबापांना मारतात. मदतीला धावलेला सेत्नेरही मरतो. ज्या सासऱ्याने त्याला उंबरा चढू दिला नाही, त्याच्याच घरात. आणि मग नार्स्पी गळफास घेते. शेवटच्या, चौदाव्या प्रकरणाचं नाव 'चार मृतदेह'.

मग नार्स्पी गुन्हेगार की बळी?

याचं उत्तर काव्य देत नाही आणि म्हणूनच शंभर वर्षं त्यावर बोलणं चालू आहे. सोव्हिएत काळात सरळ वाचन झालं: श्रीमंतांच्या जुलमाविरुद्ध बंड. ते चूक नाही, पण अपुरं आहे. इवानोव तख़्तामानला राक्षस करत नाही. मिख़ेतेरही मुलीचा वैरी नाही. त्याच्या लेखी त्याने तिचं भलंच केलंय, चांगलं घर बघितलंय, हुंड्याचं सगळं रीतसर केलंय. (चुवाशांत मुलीच्या घरी द्यायचा 'ख़ुलम' असे, म्हणजे पैसा मुलाकडून मुलीकडे जाई. त्यामुळे आपल्या डोक्यातला हुंडा इथे उलटा करून वाचावा लागतो.) प्रत्येक जण रीतीप्रमाणे वागतो आणि त्या रीतीतूनच चार मढी पडतात.

आणि विष घालण्याचा प्रसंग? तिथे ना आक्रोश, ना भाषण. एक बाई स्वयंपाक करते. बस्स. सतरा वर्षांच्या मुलाला एवढा संयम कुठून आला, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

हे खरंच त्याने सतराव्या वर्षी लिहिलं?

हो. लेखन १९०७-०८चं. छापून आलं १९०८मध्ये, 'चुवाशांच्या कथा आणि दंतकथा' या सिम्बिर्स्कहून निघालेल्या पुस्तकात. शाळेला चाळीस वर्षं झाली त्या निमित्ताने ते पुस्तक काढलं होतं. दोन हजारांहून जास्त ओळी.

छंद कोणता? भाषा येत नसेल तर काही कळतं का?

कळतं, कारण ते बोटांवर मोजता येतं. सुरुवातीच्या चार ओळी तुकडे पाडून देतो. चुवाशीतले दोन आखूड स्वर आपल्याकडे नेमके नाहीत. एक आपल्या 'अ'च्या जवळचा, दुसरा तोंडातल्या तोंडात म्हटलेल्या 'ए'सारखा, असं धरून चाला.

पुश उ-य-ख़ेन वे-शेन-चे
ख़े-वेल पख़-रे अ-शत-सा
सिल-पी च-वाश या-लेन-चे
युर इ-रेल-चे वास-का-सा

अर्थ: पुश महिन्याच्या अखेरीस / सूर्याने ऊबदार नजर टाकली, / सिल्पी या चुवाश गावात / बर्फ घाईघाईने वितळला.

प्रत्येक ओळीत सात तुकडे. पहिलीचं यमक तिसरीशी, दुसरीचं चौथीशी. हा सातांचा ठोका चुवाश लोकगीतांचाच. इवानोवने रशियन कवितेतली वृत्तं वाचली होती, भाषांतरं करताना हाताळलीही होती. पण गावातल्या बाईची गोष्ट गावातल्या ठोक्यावरच सांगितली.

दोन शब्दांपाशी थांबतो. 'पुश' म्हणजे रिकामा. पुश महिना म्हणजे साधारण मार्च, शेतात काही काम नसलेला. आणि 'यालेन्चे'. 'याल' म्हणजे गाव आणि शेवटचा 'चे' हा आपल्या 'गावात'मधल्या 'त'चं काम करतो. हा प्रत्यय ध्यानात ठेवा, खाली लागणार आहे.

'सैतानाचा गुलाम'बद्दल काय?

नाटक पद्यात आहे, त्याच १९०७-०८च्या सपाट्यातलं, आणि अपूर्ण. मी त्याला 'नार्स्पी'च्या बरोबरीने बसवणार नाही. पण चुवाश भाषेत रंगमंचच नसताना, नट नसताना, प्रेक्षकही नसताना कुणी शोकांतिका लिहायला बसावं, याचं अप्रूप आहेच.

बाकी काय काय करत असे?

भाषांतरं: लेर्मोंतोव, नेक्रासोव, कोल्त्सोव वगैरे रशियन कवी त्याने चुवाशीत आणले. लेर्मोंतोवचं 'व्यापारी कलाश्निकोवचं गीत'ही त्यात आहे. याकोव्लेवच्या हाताखाली अंकलिपी आणि पाठ्यपुस्तकांचं काम. शाळेत चित्रकला शिकवणं. फोटोग्राफीचा नाद. चुवाश अक्षरं असलेलं टाइपरायटर जमवण्याची खटपट. शाळेतल्या मुलांनी ग्लिंकाच्या 'झारसाठी प्राण' या ऑपेरातले प्रवेश केले तेव्हा पडदे रंगवणारा हाच. हे शेवटचं मला सगळ्यात आवडतं. त्याने लिहिलेलं नाटक त्याच्या डोळ्यांदेखत रंगमंचावर आलं नाही, पण रंगमंचाच्या मागे रंगाची बादली घेऊन तो उभा होता.

लेनिनचा या सगळ्याशी संबंध जोडतात, तो ओढूनताणून आहे का?

थोडा ओढलेला, पण मुळात खरा. लेनिनचे वडील इल्या उल्यानोव हे सिम्बिर्स्क प्रांताचे शाळा तपासनीस, पुढे संचालक. याकोव्लेवच्या शाळेच्या पाठीशी ते उभे राहिले. खुद्द लेनिनने जिम्नॅशियममध्ये असताना निकिफोर ओख़ोत्निकोव या चुवाश शिक्षकाला परीक्षेसाठी फुकट शिकवलं होतं. क्रांतीनंतर, एप्रिल १९१८मध्ये, याकोव्लेवला पदावरून दूर करण्याच्या हालचाली सुरू झाल्या तेव्हा लेनिनने सिम्बिर्स्कला तार केली. मतलब असा, की याकोव्लेवला त्याच्या आयुष्यभराच्या कामापासून तोडू नका. इवानोवशी मात्र थेट संबंध काही नाही. सिम्बिर्स्क शहर तेवढं दोघांना समान. सिम्बिर्स्कचं १९२४मध्ये उल्यानोव्स्क झालं ते याच घराण्याच्या नावावरून.

मृत्यू कशाने झाला?

क्षयाने. सिम्बिर्स्कहून तो स्लाकबाशला परतला आणि तिथेच गेला. १९१५, म्हणजे पहिलं महायुद्ध चालू.

चुवाश रंगभूमी मग सुरू कुणी केली?

इओआकिम माक्सिमोव-कोश्किन्स्कीने (१८९३-१९७५). नट, दिग्दर्शक, नाटककार, पुढे सिनेमावाला. इवानोवपेक्षा तीनच वर्षांनी धाकटा. १९१८च्या जानेवारीत त्याने कझानमध्ये चुवाश भाषेतला पहिला प्रयोग केला. नाटक रशियन लेखक ओस्त्रोव्स्कीचं, भाषांतरित. १९२०मध्ये चुवाश स्वायत्त प्रांत झाला आणि मंडळी चेबोक्सारीला आली. १९२०च्या दशकात त्याने चुवाश सिनेमाही उभा केला. त्यात त्याची पत्नी तानी युन ही पहिली चुवाश चित्रपट-अभिनेत्री.

आणि मूळ चुवाश नाटक? तिथे फ्योदर पावलोवचं (१८९२-१९३१) नाव घ्यायलाच हवं. तो सिम्बिर्स्कच्या त्याच शाळेत १९०७ ते १९११ शिकला. मूळचा संगीतकार, १९२०मध्ये चेबोक्सारीत संगीतशाळा काढणारा. मध्यंतरी काही काळ न्यायाधीशाचं काम केलं आणि त्या अनुभवातून 'सुत्रा' ('कोर्टात') हे प्रहसन लिहिलं. मग १९२२चं 'याल्ता'. क्रिमियातल्या याल्ता शहराशी याचा काडीचा संबंध नाही! 'याल' म्हणजे गाव, आणि 'ता' हे मघाच्या 'चे'चंच दुसरं रूप, म्हणजे 'त'. 'गावात'. मघाशी प्रत्यय लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी. चुवाश नाटकाचा खरा पाया 'याल्ता'च मानलं जातं. पावलोवही अडतिसाव्या वर्षी गेला, सोचीमध्ये. या पिढीला दीर्घायुष्य असं नव्हतंच फारसं.

तर मग नाट्यगृहाला पावलोवचं किंवा माक्सिमोव-कोश्किन्स्कीचं नाव का नाही?

तक्रार रास्त आहे. पावलोवच्या वाट्याला चेबोक्सारीचं संगीत महाविद्यालय आलं. नाट्यगृहाला इवानोवचं नाव मिळालं १९५९मध्ये, आणि तोपर्यंत 'नार्स्पी' केवळ पुस्तक राहिलेली नव्हती. ती रंगमंचावर पुन्हा पुन्हा येत होती. ग्रिगोरी ख़िर्ब्यूने तिच्यावर ऑपेरा केला (१९६७), अलीकडे संगीतनाट्यही झालं. नटीने नार्स्पी केल्याशिवाय तिला नटी म्हणायचं नाही, अशातला तो प्रकार. नाट्यगृह ज्या एका गोष्टीवर जगतं, त्या गोष्टीच्या लेखकाचं नाव दारावर. मला हा न्याय पटतो, जरी दार उघडणारा माणूस दुसरा होता.

भाषांतरं आहेत का?

रशियनमध्ये अनेक. त्यांत पेदेर ख़ुझांगाय (१९०७-१९७०) या स्वतः मोठ्या असलेल्या चुवाश कवीचं भाषांतर विशेष नावाजलेलं. इंग्रजीतून शिरायचं असेल तर गेन्नादी आयगी (१९३४-२००६) याने निवडलेल्या आणि पीटर फ्रान्सने भाषांतरित केलेल्या चुवाश कवितासंग्रहाची वाट आहे, तो १९९१चा. आयगी जगभर गेला तो रशियनमध्ये लिहिलेल्या मुक्तछंदामुळे, पण आपल्या भाषेच्या जुन्या कवींना बाहेर नेण्याचं काम त्याने सोडलं नाही.

आज चुवाश भाषा टिकून आहे का?

चुवाश प्रजासत्ताकात ती रशियनच्या जोडीने राजभाषा आहे. शहरातल्या घरांत मुलं रशियन बोलतात. युनेस्कोच्या यादीत ती धोक्यातल्या भाषांमध्ये आहे.

मला चुवाश येत नाही, रशियनही येत नाही. सुरुवात कुठून करू?

वरच्या चार ओळींपासून. मोठ्याने म्हणा, टेबलावर बोटाने सात वाजवत. 'वेशेन्चे' आणि 'यालेन्चे' जुळतात तिथे थोडं रेंगाळा. मग शेवटचा शब्द: वास्कासा, घाईघाईने. महिना रिकामा आहे, शेतात काम नाही, कुणालाच कसली घाई नाही, फक्त बर्फाला आहे. नार्स्पीचं नाव अजून आलेलंही नाही.